सदोबा निर्दोष आहे

शिंत्रेसाहेबांनी पोस्टकार्ड पुढ्यात टाकलं तेव्हा मी डबा उघडून बसले होते. कार्डावर मोहरीच्या दाण्याएवढं बारीक, पण सुबक अक्षर होतं आणि आकडे घालून पाच कलमं लिहिली होती. पहिलं कलम असं: 'भाग दुसरा. घाटगेबाई म्हणतात, दिवाळी चार दिवसांवर आली. त्यांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर जून दाखवतं. दोहोंपैकी खरं काय मानावं?' शेवटी सही होती: भा. द. उपळेकर, निवृत्त वजनमापे निरीक्षक, मिरज.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "आपल्याकडं कॅलेंडर कोण बघतं?"

कॅलेंडर मी बघत होते. म्हणजे बघायला हवं होतं.

ही १९८९ सालची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका जुन्या स्टुडिओत 'धागादोरा' या मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास ती दूरदर्शनवर लागायची. बगलेत छत्री धरून आणि गालात लवंग ठेवून फिरणारे खाजगी गुप्तहेर माधवराव टिपणीस त्या वेळी घराघरात माहीत होते. ते काम किणीकर नावाचे नाटकातले मुरलेले नट करायचे. गजानन शिंत्रे दिग्दर्शक आणि निर्माते, आणि मी, शरयू हुपरीकर, वय पंचवीस, त्यांच्याकडे कंटिन्युइटी बघायला होते. एखादं दृश्य तुकड्यातुकड्यांनी घेतात. सकाळी नटाच्या उजव्या हातात कप असेल, तर दुपारी उरलेला तुकडा घेताना तो उजव्याच हातात आणि तेवढाच भरलेला हवा. हे सगळं वहीत टिपून ठेवायचं, ही माझी नोकरी. काम नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर मिरजेहून पत्र येतं.

या कामातलं मला काही कळतं म्हणून ते मिळालं नव्हतं. माझं अक्षर बरं होतं आणि वडील गेल्यावर घरात कमावणारी मी एकटीच उरले होते, हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून मिळालं होतं.

कार्डाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की योग्य खुलासा न आल्यास या पत्राची प्रत मुंबईला दूरदर्शन केंद्राकडे रवाना होईल. तिकडे पुढच्या तेरा भागांचा आमचा अर्ज पडून होता. साहेबांनी माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली आणि सांगितलं, की या माणसाला काय लिहायचं ते लिही, पण हे कार्ड मुंबईला गेलं तर सोमवारपासून तू येऊ नकोस. ते रागावले नव्हते. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. भिंतीवरच्या प्लॅस्टरचा पोपडा झाकायला कुणीतरी ऑफिसमधलं कॅलेंडर आणून टांगलं होतं आणि मी त्याकडे बघितलंच नव्हतं, एवढंच ते कारण. मी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि लिहायला घेतलं. लिहिलं, की घाटगेबाईंचा मुलगा जून महिन्यात घर सोडून गेला. त्या दिवसापासून त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलेलं नाही. हे संवादात सांगितलेलं नाही, कारण दु:ख बोलून दाखवणाऱ्या बायकांपैकी त्या नव्हेत. टिपणिसांच्या मात्र ते ध्यानात येतं. चौथ्या मिनिटाला त्यांची नजर भिंतीकडे जाते ती पाहावी.

चौथ्या मिनिटाला किणीकरांची नजर भिंतीकडे गेली होती खरी. चहा कुठपर्यंत आला, ते बघायला. चहावाला त्या बाजूने यायचा.

आठ दिवसांत उत्तर आलं. 'खुलासा मिळाला. समाधान झाले. घाटगेबाईंविषयी वाईट वाटले. आता भाग चौथा.' चौथ्या भागात टिपणीस दारात उभे असतात तेव्हा छत्रीची मूठ वाकडी असते आणि घरात शिरल्यावर सरळ होते. आमच्याकडे छत्र्या दोन होत्या आणि माझं लक्ष एकीवरही नव्हतं. मी लिहिलं, की संशयिताच्या दारात छत्र्या टेकवलेल्या असतात. त्यांतली एक चुकून उचलल्याचं दाखवून टिपणीस मुद्दाम बदलून घेतात. म्हणजे छत्री परत करायच्या निमित्ताने दुसऱ्यांदा, न कळवता त्या घरी जाता येतं.

हे उत्तर टाकून मी निर्धास्त झाले आणि उपळेकरांनी ते सांगलीच्या एका दैनिकाच्या पत्रव्यवहारात छापून आणलं. 'धागादोऱ्यातील सूक्ष्म कलाकुसर' असा मथळा होता. सकाळी दहा जणांनी साहेबांना ते दाखवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, मिशीवरून हात फिरवला आणि अकराव्या माणसाला सांगितलं, की हो, हे आम्ही ठरवूनच करतो. किणीकर मात्र माझ्याकडे आले आणि जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, की टिपणीस छत्र्या बदलतात हे टिपणिसांनाच कुणी सांगितलं नाही. पुढच्याच भागात त्यांनी मूळ कथेत नसताना एक छत्री बदलली.

आता 'धागादोरा'च्या चाहत्यांचे फोनवर गट आहेत. माझ्या भाचीने मला त्यातल्या एकात घातलंय. तिथे रविवारी प्रश्नमंजुषा असते. टिपणीस कोणत्या गालात लवंग ठेवत? घाटगेबाईंचं कॅलेंडर जूनवर का थांबलं होतं? चार पर्याय असतात. बरोबर म्हणून जो हिरवा होतो, तो मी भाकरी खाताना रचलेला आहे. मी आजवर कुणाला बोलले नाही. एकदा मीच घाईत चुकीचा पर्याय दाबला आणि एका सतरा वर्षांच्या मुलीने मला समजावून सांगितलं.

तर अशी माझी आणि उपळेकरांची पत्रं चालू होती. मला त्या माणसाचा राग येईनासा झाला होता. गुरुवारी भाग बघताना मी आधीच त्यांच्या नजरेने चुका शोधायचे आणि सोमवारी त्यांच्या कार्डात माझ्या दोन चुका जास्तच निघायच्या. मी सही 'श. हुपरीकर' अशी करत असे आणि ते मला, पुरुषाला लिहितात तसं, 'रा. रा. हुपरीकर' असं लिहीत. मीही दुरुस्त केलं नाही.

मग नववा भाग लागला.

नवव्या भागात एका खानावळीच्या मालकाचा खून होतो. डोक्यात बत्ता घातलेला असतो. घाव असा बसलेला असतो की मारणारा डावखुराच हवा. टिपणीस दोन दिवस खानावळीत जेवतात, आचारी सदोबा आमटी डाव्या हाताने वाढतो हे टिपतात आणि शेवटी त्याला सगळ्यांसमोर पकडतात. सदोबाला जन्मठेप होते. लोकांना भाग फार आवडला.

सोमवारी कार्ड आलं नाही. रजिस्टर पाकीट आलं. आत दोन ताव आणि पट्टीने आखलेला खानावळीचा नकाशा होता. उपळेकरांनी लिहिलं होतं: 'सहाव्या मिनिटाला सदोबा कांदा चिरतो. विळीवर कांदा उजव्या हाताने धरतो. अकराव्या मिनिटाला पीठ मळतो, उजव्या हाताने. डाव्या हाताने तो फक्त आमटी वाढतो, कारण उजव्या बाजूला खांब आहे, नकाशा पाहावा. याउलट मालकाचा भागीदार सिगारेट नेहमी डाव्या हाताने पेटवतो. चार वेळा. सबब सदोबा निर्दोष आहे आणि टिपणिसांनी भलत्याच माणसाला तुरुंगात घातले आहे.'

मी माझी वही काढली. सगळं खरं होतं. सदोबाचं काम करणारे ज्ञानू पाटोळे उजव्या हाताचे. त्यांना कांदा चिरताना हात बदलायला सांगायचं मी विसरले होते. भागीदाराचं काम करणारा नट जन्माचा डावखुरा, आणि त्याचा कथेशी संबंधच नसल्यामुळे त्याच्या हातांकडे कुणी बघितलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, नकळत, खरा खुनी मोकाट सोडला होता.

तरी मी प्रयत्न केला. लिहिलं, की सदोबा दोन्ही हातांनी सारखाच चालणारा माणूस आहे. उलट टपाली उत्तर आलं: 'मग तो डावखुरा आहे हा पुरावाच उरत नाही. कसेही धरले तरी सदोबा सुटतो.' मी लिहिलं, की भागीदार खुनाच्या रात्री परगावी होता. उत्तर आलं: 'असे टिपणिसांनी कुठे म्हटलेले नाही. तुम्ही म्हणता.' मग मी काहीच लिहिलं नाही, आणि दहा दिवसांनी कार्ड आलं, की खुलासा नसल्यास कागदपत्रांसह मुंबईस जाणे भाग आहे. तत्पूर्वी एकवार समक्ष भेटावे म्हणून येत्या बुधवारी आम्ही कोल्हापुरास येत आहोत.

'आम्ही' हा शब्द मी मानाचा समजले.

बुधवारी आमचा तेरावा, म्हणजे शेवटचा भाग चालू होता. अकरा वाजता फाटकाशी रिक्षा थांबली. आधी उंच, शिडशिडीत गृहस्थ उतरले, कोट घातलेले, हातात कापडी पिशवी. मग त्यांनी हात पुढे केला आणि त्याला धरून एक बुटक्या, गोऱ्या बाई उतरल्या. हिरवं इरकली लुगडं, डोळ्यांना काळा चश्मा. फाटकापासून दारापर्यंत ते गृहस्थ सलग बोलत होते. "डावीकडे नारळ आहे, वठलेला. पुढे पायऱ्या तीन. तिसरी फुटकी. दारात माणसं चार, एक मुलगी आहे, वही छातीशी धरून उभी."

बाई फुटकी पायरी अलगद ओलांडून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी नमस्कार केला. त्यांनी विचारलं, पत्रं लिहिणारे हुपरीकर कुठे आहेत. मी म्हटलं, मीच ती, शरयू. उपळेकरांचा चेहरा पडला. बाईंचा उजळला.

"मी यांना म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरी परत जायला निमित्त ठेवून यायचं, हे पुरुषाला सुचायचं नाही."

त्यांचं नाव इंदुमती. काचबिंदूने डोळे जाऊन अकरा वर्षं झाली होती. गुरुवारी संध्याकाळी उपळेकर टीव्हीसमोर बसायचे आणि पडद्यावर दिसेल ते सगळं सांगायचे, कुठल्या हातात काय, भिंतीवर काय, दार कुठल्या बाजूला उघडतं. आयुष्यभर तराजूचा काटा बघितलेला माणूस. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, पण त्याचा अर्थ लावणं त्यांना जमत नसे. ते मला म्हणाले, "मी नुसता बघतो. पकडते ही." कार्डं बाई सांगायच्या, ते लिहून घ्यायचे. दहा आठवडे मी ज्या तीक्ष्ण डोळ्यांना घाबरत होते, ते नव्हतेच.

शिंत्रेसाहेब गोड बोलण्यात कमी नव्हते. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि सांगितलं, की हे सगळं नाटक आहे. कुणी मेलं नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही. एवढ्यावर न थांबता त्यांनी पाटोळ्यांना बोलावून आणलं. पाटोळे पान खात आले, बाईंच्या पाया पडले आणि आपण सुखरूप असल्याचं त्यांनी स्वत:च्या तोंडाने सांगितलं.

बाईंनी त्यांना आशीर्वाद दिला. मग म्हणाल्या, "तुम्ही आहात हो. सदोबा नाही."

साहेब उठले आणि उपळेकरांना कॅमेरा दाखवतो म्हणून घेऊन गेले. जाताना मला डोळ्यांनी खुणावलं, की हिला सांभाळ.

मी बाईंना सेट दाखवू लागले. म्हणजे त्या हाताने बघू लागल्या. टिपणिसांच्या दिवाणखान्यातल्या घड्याळाला त्यांनी हात लावला तर ते पुठ्ठ्याचं निघालं. त्या हसल्या. टिपणिसांच्या खुर्चीत बसल्या, तिच्या हातांवरून हात फिरवला आणि मला जवळचं स्टूल ओढायला सांगितलं. मला वाटलं, आता घाटगेबाईंचं कॅलेंडर निघणार. मी आधीच कबूल करून टाकलं, की माझे सगळे खुलासे रचलेले होते, आणि ते पत्र मुंबईला गेलं तर माझी नोकरी जाईल.

"रचलेले आहेत, ते पहिल्या पत्रालाच कळलं," त्या म्हणाल्या. "चांगले रचतेस. पत्र कुठं जात नाही. तो धाक मी यांना घालायला सांगितला. तू उत्तर द्यावंस म्हणून."

मग त्यांनी विचारलं, हे जवळपास आहेत का. मी म्हटलं, नाहीत, लांब आहेत. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यानंतर आजच सांगते आहे. त्या दोघांपैकी आता कुणी नाही.

एकसष्ट साल असेल. शेर-छटाक जाऊन किलोची नवी वजनं बाजारात आली होती आणि उपळेकर नवे निरीक्षक म्हणून गावोगाव ती तपासत फिरत होते. तालुक्याच्या एका बाजारपेठेत नेमगोंडा मगदूम नावाचा किराणा दुकानदार होता. त्याचं किलोचं वजन यांनी आपल्या सरकारी वजनाशी ताडून पाहिलं तर ते हलकं भरलं. मगदूम शपथा घेत राहिला. यांनी भर बाजारात पंचनामा केला. दुकान बंद पडलं. लोक त्याला 'हलका मगदूम' म्हणू लागले. त्याच्या पोरांना शाळेत त्याच नावाने हाका मारत. सहा महिन्यांनी उपळेकरांनी सहज म्हणून आपलं वजन दुसऱ्या तालुक्यातल्या वजनाशी लावून पाहिलं. मगदुमाचं हलकं नव्हतं. यांचंच जड होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. वजन बदलून घेतलं आणि गप्प बसले. नवी नोकरी, घरात सासूबाई आजारी. त्या रात्री जेवले नाहीत. मला सांगितलं आणि म्हणाले, पुन्हा नाव काढू नकोस. मी काढलं नाही. त्यानंतर वीस वर्षं नोकरी केली, कुणाच्या गुंजेची चूक त्यांनी सोडली नाही की स्वत:ची होऊ दिली नाही. पण त्या गावावरून जाणाऱ्या एसटीत हे बसत नाहीत, लांबून वळसा घालतात."

"अठ्ठावीस वर्षं मी मगदुमाचं नाव काढलेलं नाही, शरयू. सदोबाचं काढते. हे मुकाट्यानं लिहून घेतात. 'निर्दोष आहे' लिहिताना त्यांचा टाक थांबतो, तो मला ऐकू येतो."

लांबून उपळेकरांचा आवाज आला. ते कॅमेरामनला त्याच्या तिवईचा एक पाय आखूड असल्याचं सांगत होते. बाईंनी माझा हात थोपटला आणि विचारलं, की तुमच्या टिपणिसाला आपली चूक झाली असं एकदा म्हणता येईल का. एवढंच. जास्त नको.

मी हो म्हटलं. माझ्या हातात काहीही नसताना म्हटलं.

ती दोघं बारा-चाळीसच्या गाडीने गेली. मी जेवणाच्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानांवर एक दृश्य लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि वही मिटली. म्हणाले, गुप्तहेर चुकला तर उरलं काय, लोक बघतात ते तो चुकत नाही म्हणून. मी म्हटलं, मग सोमवारपासून मी येत नाही. हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. घरी महिनाअखेरीला डाळ संपलेली असायची. साहेबांनाही कळलं नसावं.

मला वाचवलं ते दोन गोष्टींनी, आणि दोन्हींत माझं कर्तृत्व नाही. एक, तेरावा भाग तीन मिनिटं कमी भरत होता आणि काय घालावं याची सकाळपासून चर्चा चालली होती. दोन, किणीकरांनी वही उघडली. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. लवंग काढून बशीत ठेवली आणि म्हणाले, "गजाननराव, तेरा भाग मी छत्री घेऊन फिरतोय. काम आज मिळतंय."

दृश्य साधं होतं. तुरुंगाच्या फाटकाबाहेर टिपणीस उभे आहेत. सदोबा गाठोडं घेऊन बाहेर येतो. टिपणीस म्हणतात, "सदोबा, माझी चूक झाली. तू सांगत होतास. मी ऐकलं नाही." सदोबा त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळतो. मग आचारीच तो, विचारतो, "जेवलाय काय?" पुढे दोघं रस्त्याने चालत जातात, आणि संपतं. स्टुडिओच्या मागच्या गोदामाचं फाटक आम्ही तुरुंगाचं म्हणून वापरलं. मी त्या दिवशी प्रत्येक वेळी पाटोळ्यांचे हात बघितले. गाठोडं उजव्याच हातात होतं.

भाग लागला आणि पोत्यांनी पत्रं आली. कुणी लिहिलं, आमचे वडील उठून आत गेले. कुणी लिहिलं, टिपणिसांना मानलं. पुढचे तेरा भाग मंजूर झाले आणि त्यांच्या लेखनात माझं नाव लागलं, पहिल्या भागात 'शरद हुपरीकर' असं. तेही आता प्रश्नमंजुषेत विचारतात. पण मिरजेहून कार्ड आलं नाही. एक सोमवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मला राहवेना. वाटलं, आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या झाकल्या जखमेवरची पट्टी ओढली आणि तो टीव्हीसमोरून उठला तो उठलाच. रविवारी सकाळच्या गाडीने मी मिरजेला गेले.

दार उपळेकरांनीच उघडलं. ते मला दहा वर्षांनी लहान झाल्यासारखे दिसले. खुर्ची देण्याआधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. तीन आठवडे मनाशी घोळवून आदल्याच दिवशी, शनिवारी, ते एकटेच एसटीत बसले आणि त्या गावी उतरले. मगदुमाचं दुकान आता मुलगा चालवतो. म्हातारा अठ्ठ्याहत्तरचा, आत पोत्याला टेकून बसलेला. उपळेकरांनी आपलं नाव सांगितलं, आणि टिपणीस ज्या शब्दांत बोलले होते त्याच शब्दांत, कारण दुसरे काही सुचेनात, आपली चूक सांगितली.

"आणि तो हसायला लागला," उपळेकर म्हणाले. "खोकला येईपर्यंत हसला. मला म्हणतो, साहेब, तुमचं वजन जड असेल, पण माझंबी हलकंच होतं की. मी तळ घासून घेतला होता. तुम्ही नसतं धरलं तर दुसऱ्यानं धरलं असतं. म्हणजे बघ शरयू, अठ्ठावीस वर्षं मी फुकट जिवाला खात बसलो. चोर तो चोरच होता."

ते मोकळं हसले. मग चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेले, आणि आत भांड्यांच्या आवाजात एक जुनं पद गुणगुणू लागले. मगदुमानं निघताना शेंगदाण्याची पुडी दिली, पोराला खाऊ देतात तशी दिली, असं तिथूनच ओरडून सांगत राहिले.

इंदुमतीकाकू पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी उशाजवळून एक खाकी पुडी काढली, सुतळी अजून न सोडलेली, आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

"किती असेल?" त्यांनी हळूच विचारलं.

मला वजनातलं काय कळणार. मी म्हटलं, किलो असेल.

"किलो म्हणूनच दिली त्यानं. हे सांगतात, स्वत: उठून तोलली. तीसेक वर्षं मी वजनमापेवाल्याच्या घरात काढली आहेत, किलो माझ्या हाताला कळतो. ही सव्वा किलोला चिमूटभरच कमी आहे." त्या आतल्या गुणगुणण्याचा कानोसा घेत थांबल्या. "ज्याचा हात या वयातही असा सैल सुटतो, तो तळ घासणारा माणूस नव्हे."

आत कपबशा वाजल्या.

"काकांनी तोलली नाही?"

"आल्यापासून तराजू शोधताहेत. मी धान्याच्या कोठीत टाकलाय. पण आज दळणाला धान्य काढतील तेव्हा तो सापडेल." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "त्या फळीवर शेंगदाण्याचा डबा आहे बघ, पितळी. निम्मा भरलेला आहे. लवकर कर."

मी सुतळी तोडली, डबा खाली काढला आणि सगळे दाणे त्यात ओतले. काकूंनी हात घालून ते खालपासून वरपर्यंत ढवळले, झाकण दाबून बसवलं आणि पदराला हात पुसले. मी डबा फळीवर ठेवून वळले, तेव्हा उपळेकर तीन कप घेऊन दारात उभे होते आणि कुठला आधी कुणाला द्यावा याचा विचार करत होते.